आठ दिवस घरी ठेवून बघा

"एलेव्हन्थ फ्लोअर! हू थ्रो? यू वॉन्ट टू किल पीपल, आह?"

आवाज नवव्या मजल्यावरच्या चिनी आंटीचा होता. मी तेव्हा सिंगापूरला जुरॉंगच्या एका यार्डात जहाजांच्या इंजिनांची दुरुस्ती बघायचो, त्यामुळे आवाजाच्या बाबतीत माझं मत प्रमाण मानायला हरकत नाही. ग्राइंडर, भोंगा आणि रजा नाकारलेला फोरमन हे तिन्ही एकदम सुरू केले तरी आंटीच्या निम्म्यावर येत नसत. ती ओरडली की बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी असलेली दोन-तीन जहाजं आपल्यालाच हुकूम मिळाला असं समजून निघून जायची. लोक माझं बोलणं निम्मं करून घेतात, म्हणून मी मुळातच दुप्पट सांगतो.

त्या सकाळी मात्र तिचं चुकत नव्हतं. आमच्या क्लेमेंटीच्या ब्लॉकमध्ये कपडे वाळत घालायचे ते स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर लांब बांबू खोचून. माझ्या सासऱ्यांनी त्यातला एक बांबू जागच्या जागी ठेवला, दुसरा बेडरूमच्या ग्रिलला बांधला आणि दोघांच्या मधे तांब्याची तार ताणून रेडिओची एरियल केली. गाठ सुटली. वीस फूट तार आणि तिच्या टोकाचा चिनी मातीचा कोंबडीच्या अंड्याएवढा तुकडा दोन मजले खाली आंटीच्या नवऱ्याच्या बनियनवर जाऊन पडला. आमच्या लिफ्टमध्ये तेव्हा एक चित्र लावलेलं असे: वरून कुंडी पडते आहे, खाली माणूस चालला आहे आणि कुंडी टाकणारा तुरुंगात बसला आहे. आंटीच्या बोलण्यात तेच चित्र येऊन जाऊन होतं.

सासरे खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकले आणि हात हलवत म्हणाले, "गुड मॉर्निंग, गुड मॉर्निंग!"

"आय कॉल पोलीस!"

"थँक यू!" सासरे म्हणाले, आणि आत वळून मला, "माणसं चांगली आहेत हो इथली, जावईबापू. ओळख ना पाळख, पण खिडकीत येऊन चौकशी करतात."

मागे उभ्या असलेल्या सासूबाईंनी त्यांच्या कोपराला बोट लावलं आणि खाली दाखवलं. तेव्हा त्यांना तार दिसली.

सासऱ्यांना ऐकू येत नव्हतं. मला ते माहीत होतं, माझ्या बायकोला माहीत होतं, आंटीलाही आता कळलं. ते मान्य नसलेला जगात एकच माणूस होता.

घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. सांगली जिल्ह्यातल्या त्यांच्या तालुक्याच्या गावात रेडिओ पहिल्यांदा विकला तो अण्णांनी. त्याआधी गावात बातमी यायची ती एस.टी.च्या कंडक्टरकडून, आणि तो ती रोज बदलायचा. अण्णांचं दुकान म्हणजे एक टेबल, एक फळी आणि फळीवर दोन सेट. पण त्यांच्या कानाची कीर्ती पंचक्रोशीत होती. रस्त्याने जाता जाता ते म्हणत, "त्या तिसऱ्या घरातला आउटपुट व्हॉल्व्ह दिवाळीपर्यंत टिकत नाही." आणि तो टिकायचा नाही. एकदा म्हणे कृष्णेच्या अलीकडच्या तीरावर उभं राहून त्यांनी पलीकडच्या गावातल्या सेटचा कंडेन्सर गळतोय हे ओळखलं होतं. ही गोष्ट मी रचलेली नाही. लग्न ठरलं तेव्हा मला ती मुलीच्या माहितीत जोडून सांगितली होती.

दुकान बंद होऊन वीस वर्षं झाली होती. ट्रान्झिस्टर आले आणि अण्णांनी ते दुकानात ठेवायला साफ नकार दिला. "गळ्यात अडकवून फिरायला तो काय रेडिओ आहे? ती घंटा झाली." मग गिऱ्हाईक शेजारच्या सायकलवाल्याकडे गेलं, त्याने ट्रान्झिस्टर ठेवले होते. घरात ही हकीकत तत्त्वासाठी केलेला त्याग म्हणून सांगितली जायची. तरीही गावातली जुनी माणसं जुने सेट घेऊन अजून त्यांच्या ओसरीवर येत. अण्णा कॅबिनेटवर तळहात ठेवत, डोळे मिटत आणि रोग सांगत.

तर असे अण्णा आणि सासूबाई दोन महिन्यांसाठी सिंगापूरला आले. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. बायकोने दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी कानाच्या क्लिनिकची वेळ घेऊन टाकली, दुसऱ्या सोमवारची.

"मला ऐकू येतं," अण्णा म्हणाले. "तुम्ही लोक पुटपुटता. इथे आल्यापासून तुमची तोंडं उघडेनाशी झालीत."

"अण्णा, काल कुकरच्या अकरा शिट्ट्या झाल्या. तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात."

"मी मोजत नव्हतो."

"एक छोटं यंत्र असतं. कुणाला दिसतसुद्धा नाही."

"रेडिओवाल्याच्या कानात यंत्र?" अण्णा उठून उभे राहिले. "गावात अजून माणसं माझ्याकडे सेट आणतात. कशासाठी आणतात? माझ्या दाढीसाठी? या कानासाठी आणतात. उद्या तिथे बटण लावून बसलो तर कोण येईल? ओसरीवर एकटा बसून काय करू, माश्या मारू?"

बायको ऐकेना. ती त्यांचीच मुलगी होती. शेवटी अण्णांनीच तोड काढली. ते इथे एखादा जुना व्हॉल्व्हचा सेट मिळवतील. घरी लावतील. सगळ्यांसमोर भारतातलं स्टेशन पकडतील आणि काय चाललंय ते ऐकून सांगतील. बरोबर सांगितलं तर क्लिनिक रद्द आणि हा विषय कायमचा बंद. चुकलं तर मुलगी म्हणेल ते यंत्र, एका नाही, दोन्ही कानांत.

"लिहून द्या," बायको म्हणाली.

त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दिलं आणि खाली सही केली. सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांना साक्षीदार म्हणून सही करायला सांगितली तर म्हणाल्या, "माझे हात ओले आहेत."

रविवारी मी सगळ्यांना सुंगेई रोडच्या जुन्या बाजाराकडे घेऊन गेलो. त्या बाजारात काहीही मिळायचं. मी स्वतः तिथे एका जहाजाची घंटा, दुसऱ्याचं होकायंत्र आणि तिसऱ्याच्या कॅप्टनची कवळी एकाच चादरीवर मांडलेली बघितली आहे. बाजाराला लागून असलेल्या गल्लीत एका चिनी म्हाताऱ्याचं रेडिओचं दुकान होतं. पुढे कॅसेट प्लेअर आणि मागे अंधारात लाकडी खोक्यांचे जुने सेट. म्हातारा गंजीफ्रॉक आणि हाफ पॅन्टमध्ये स्टुलावर बसलेला. वय अण्णांएवढंच.

दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. अण्णांचं इंग्रजी गुड मॉर्निंग आणि थँक यूच्या मधे संपायचं. त्यांनी मागच्या एका सेटकडे बोट केलं आणि म्हणाले, "ई सी एच एट्टी-वन."

म्हाताऱ्याने मान वर केली. ड्रॉवरमधून व्हॉल्व्हचं एक खोकं काढून त्याच्यावरचा नंबर त्यांच्यासमोर धरला. "ई बी एफ एट्टी-नाइन."

"ई एल एट्टी-फोर!" अण्णा.

दुसरं खोकं. "ई झेड एट्टी!"

"करेक्ट!" अण्णा ओरडले आणि दोघं हसायला लागले. पुढची वीस मिनिटं त्या गल्लीत फक्त नंबर ऐकू येत होते. म्हातारा प्रत्येक वेळी खोकं उचलून दाखवायचा आणि अण्णा वाचून उत्तर द्यायचे.

"ही काय मंत्रपुष्पांजली चाललीये?" बायकोने मला विचारलं.

म्हाताऱ्याने चार सेट लावून दाखवले. पहिले तीन लहान, आटोपशीर, आवाजाला गोड. अण्णांनी तिन्ही बाजूला केले. चौथा कोंबड्यांच्या खुराड्याएवढा होता. उचलायला दोन माणसं, आणि त्यातला एक इंजिनिअर लागावा. तोच त्यांनी पसंत केला.

"याला डोळा आहे," ते म्हणाले. "डोळ्याशिवाय सेट घेऊ नये."

ज्यांनी जुने रेडिओ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. त्यातल्या महागड्या सेटना डायलच्या वर काचेचा एक हिरवा डोळा असायचा. स्टेशन लागलेलं नसलं की त्या हिरव्यात एक रुंद काळी फट दिसायची. बटण फिरवत स्टेशनच्या जवळ आलं की फट बारीक होत जायची, आणि स्टेशन नेमकं लागलं की डोळा मिटायचा. मांजराचा मिटतो तसा.

मी किंमत विचारली तर म्हातारा हात हलवून म्हणाला, "टेक होम फर्स्ट. एट डेज. एट्थ डे आय कम, आय सी. नो गुड, आय टेक बॅक."

मी हे अण्णांच्या कानाशी ओरडून मराठीत सांगितलं. समोरच्या फळवाल्यानेही ते मराठीत ऐकलं. अण्णांचे डोळे भरून यायचेच बाकी राहिले, कारण हा त्यांचाच नियम होता. त्यांच्या काळात रेडिओ कुणी दुकानात विकत घेत नसे. अण्णा सेट एस.टी.च्या टपावरून गिऱ्हाइकाच्या गावी न्यायचे, छपरावर दोन बांबू उभे करून एरियल बांधायचे, अंगणात तांब्याचा पत्रा पुरून अर्थिंग करायचे आणि घरच्या बाईला सांगायचे, "इथे रोज तांब्याभर पाणी घाला, नाहीतर आवाज कोरडा येईल. आठ दिवस घरी ठेवून बघा. नाही आवडला तर मी येऊन घेऊन जाईन." आठ दिवसांनी कुणीही सेट परत देत नसे. पोरं सेटला मिठी मारून बसत, आणि अण्णा खिशातून पोस्टातल्या रेडिओ-लायसनचा फॉर्म काढत. एका वाडीवर बाईने इतक्या निष्ठेने पाणी घातलं की त्या खड्ड्यात केळ उगवली आणि घड लागला. तिचा नवरा म्हणाला, रेडिओ न्या, केळ राहू द्या. आठही दिवस पूर्ण होऊन परत आलेला अण्णांचा तेवढा एकच सेट.

तर सेट आमच्या हॉलमध्ये आला. एरियल पडली ते प्रकरण दुसऱ्या दिवसाचं. सासूबाई खाली जाऊन आंटीला चिवड्याची पिशवी देऊन आल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, त्यामुळे भांडण मिटायला अडचण आली नाही. तार मी खिडकीच्या आतून, पडद्याच्या दांडीवरून फिरवून दिली. अर्थिंगची वायर स्वयंपाकघराच्या नळाला बांधली.

मग रोज सकाळी सराव. अण्णा बटण दाबत. व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर लागे, आतून गरम धुळीचा आणि व्हार्निशचा वास येई आणि हिरवा डोळा हळूहळू उजळे. ते डायलवर नाक टेकवून बटण केसाकेसाने फिरवत. डोळा मिटला की हात थांबे. मग ते मागे टेकत, समोर शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंकडे बघत आणि जाहीर करत, "बातम्या." बातम्याच असत. "भजन." भजनच असे. एकदा म्हणाले, "सतार," आणि ती सतार होती.

पाचव्या दिवसापर्यंत बायकोचा चेहरा उतरला. "अरे, यांना खरंच ऐकू येतं की काय?" तिने मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं.

"रेडिओ ऐकू येत असेल," मी म्हणालो. "सवयीचा आवाज आहे."

"आणि मी? मी सवयीची नाही?"

मी इंजिनिअर माणूस, आठही दिवस यंत्राकडे बघत होतो.

आठव्या दिवशी, रविवारी सकाळी दहाला परीक्षा ठेवली. म्हातारा दुकानदार इस्त्रीचा शर्ट घालून, हातात संत्र्यांची पिशवी घेऊन आला. आदल्या संध्याकाळी अण्णांनी सेटची पाठ उघडून आतली धूळ ब्रशने झाडली होती आणि आज तो भिंतीपासून ओढून हॉलच्या मध्यावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता. कॅलेंडर टेबलावर पालथं ठेवलं होतं. सासूबाई समोरच्या खुर्चीवर शेंगांची परडी घेऊन बसल्या. अण्णांनी बटण दाबलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात आंटी, चिवड्याची परतफेड म्हणून केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी गोड घेऊन उभी. सासूबाई उठून दाराशी गेल्या आणि आंटीने त्यांना ते कसं वाफवायचं हे पाच मजल्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगायला सुरुवात केली.

इकडे डोळा उजळला. अण्णांनी बटण फिरवलं. काळी फट बारीक झाली, आणखी बारीक झाली आणि मिटली. अण्णांचा हात थांबला. ते मागे टेकले आणि त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बघितलं. खुर्चीवर नुसती परडी होती.

त्यांनी क्षणभर विचार केला असावा. मग गळा साफ करून ठासून म्हणाले, "बातम्या."

दाराशी आंटीने श्वास घ्यायला तोंड मिटलं आणि मला फ्रीजची घरघर ऐकू आली. तेवढीच ऐकू येत होती. सेटमधून आवाजच येत नव्हता, खरखर नाही, गुणगुण नाही, काही नाही. अण्णा मान डोलवत होते.

"वाह," म्हातारा दुकानदार म्हणाला. त्याने अंगठा उंच करून अण्णांना दाखवला. "व्हेरी क्लिअर. नो नॉइज."

अण्णांनी विजयी मुद्रेने मुलीकडे बघितलं. बायको उठली. तिने सेटच्या कापडी जाळीला कान लावला. मग अण्णांच्या समोर येऊन, त्यांना तोंड दिसेल असं उभं राहून, सावकाश म्हणाली, "अण्णा. आवाज बंद आहे. यातून काहीच येत नाहीये."

अण्णांनी सासूबाईंना शोधलं. त्या आंटीचं पान हातात घेऊन दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी मोकळा तळहात छातीसमोर आडवा फिरवला. ही खूण मी आधी कधी बघितली नव्हती. अण्णांना ती लगेच कळली. त्यांनी कॅबिनेटवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि काढून घेतला.

बिघाड किरकोळ होता. धूळ झाडताना लाउडस्पीकरची एक वायर निघाली होती. डोळ्याचा आणि लाउडस्पीकरचा आत काही संबंध नसतो. स्टेशन मिळालं की डोळा मिटतो, ऐकणारा असो वा नसो. म्हाताऱ्याने खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून दोन मिनिटांत वायर बसवली. लगेच एक बाई हिंदीत बोलायला लागली. कांद्यावरच्या करप्यावर कोणतं औषध किती पाण्यात मिसळून फवारावं, ते ती सांगत होती.

"बातम्या नाहीत या," बायको म्हणाली. पण तेही पुटपुटूनच.

आंटी म्हणाली, "अंकल नेव्हर हिअर, इज इट?" आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली. अण्णांनी तिला मान लववून नमस्कार केला.

मी दुकानदाराला लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. त्याला विचारलं, आवाज नव्हता हे तुम्हाला कळलं होतं ना?

"फर्स्ट डे आय नो," तो म्हणाला. "आय शो हिम फोर सेट. ही नेव्हर टच व्हॉल्यूम."

"मग क्लिअर का म्हणालात?"

त्याने माझ्याकडे, मी फार तरुण आहे अशा नजरेने बघितलं. "कस्टमर सो हॅपी," तो म्हणाला. "यू से क्लिअर, लाह." लिफ्ट आली. सेट त्याने परत नेला नाही. घरी आलो तेव्हा अण्णांनी कॅलेंडर सरळ करून भिंतीला लावलं होतं आणि सोमवारच्या चौकोनावर बोट ठेवून ते बायकोला विचारत होते की किती वाजता निघायचं.

क्लिनिकमधली मुलगी विशीची असेल. तिने अण्णांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर मोठाले गोळे चढवले आणि सांगितलं की आवाज आला की बटण दाबा. अण्णांनी सगळ्यांत आधी गोळ्यांची वायर कुठून येते ते तपासलं. मग बराच वेळ बटण हातात धरून बसले. दाबलं फार थोडं. काचेतून त्यांना तिच्या यंत्राचा डायल दिसत होता. त्याला डोळा नव्हता. मुलीने कागदावर एक रेघ काढली. ती डावीकडून निघाली आणि जिना उतरावा तशी खाली गेली.

बाहेर आल्यावर तिने फॉर्म भरायला घेतला आणि विचारलं, हे किती दिवसांपासून आहे?

"टू इयर्स," बायको म्हणाली. "मेबी थ्री."

मी वाकून अण्णांच्या उजव्या कानात प्रश्न ओरडून सांगितला. वेटिंग रूममधल्या दोन माणसांनी आपापली उत्तरं मनात शोधलेली मला दिसली. अण्णांनी छताकडे बघत हिशेब केल्यासारखं केलं.

"चार धरा," ते म्हणाले. "फार तर पाच."

मुलीने पेन टेकवलं. सासूबाई पर्समध्ये रुमाल शोधत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बावीस," त्या म्हणाल्या.